कॅराव्हॅनमधला हिवाळा

आज सकाळी फिरायला गेले तर मस्कतच्या अल हैल किनाऱ्यावर ह्या हंगामातली पहिली कॅराव्हॅन येऊन उभी होती. पांढरी, मागच्या बाजूला दोन सायकली बांधलेल्या, काचेवर वाटेतल्या देशांची धूळ तशीच. दार सताड उघडं होतं. दारासमोर वाळूत घडीची खुर्ची टाकून एक वयस्कर गृहस्थ मांडीवरच्या ताटात टोमॅटो चिरत बसले होते, आणि आत कुणीतरी बाई भांड्यांचा आवाज करत होती. मला बघून त्यांनी सुरीसकट हात वर केला. मीही हात केला आणि पुढे निघाले. पण रोजच्या वळणापर्यंत जाववलं नाही. मधूनच परत फिरले.

घरी येऊन नितीनला सांगितलं, "आले ते लोक."

"इतक्यात?" तो म्हणाला, आणि चहा गाळायला उठला. नोव्हेंबर लागला, समुद्रावरून येणारा वारा अंगाला चिकटेनासा झाला, की आमच्या घरात एक शांतता येऊन बसते आणि मार्चपर्यंत मुक्काम करते.

मस्कतची थंडी ती काय. आपल्याकडे कोकणातही डिसेंबरात शाल लागते. इथे फक्त एसी बंद करता येतो, खिडक्या उघडता येतात, दुपारी चारला बाल्कनीत उभं राहिलं तर कठडा हाताला भाजत नाही. पण उन्हाळ्यात जो इथे राहिला आहे त्यालाच ह्या एवढ्याशा सुखाची किंमत कळते. सगळं शहर घराबाहेर येतं. ओमानी कुटुंबं वाळूत सतरंज्या पसरून कहवा पितात, आपली माणसं क्रिकेट खेळतात, सीबच्या रस्त्याकडेला मिश्काकच्या शेगड्या पेटतात आणि मांस भाजल्याचा धूर दूरवर जातो. आणि ह्याच दिवसांत युरोपातले म्हातारे-म्हाताऱ्या आपलं घर चाकांवर घालून इतक्या लांब, ह्या वाळवंटातल्या शहरात येतात. तिकडे बर्फ पडत असतो. इथे ते अनवाणी चालतात.

आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना त्यांचं नवल वाटतं. स्वतःचं चांगलं घर सोडून अशा डब्यात राहण्यात काय मजा, असं खालच्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी विचारतात. मी हसून वेळ मारून नेते. एक अख्खा हिवाळा आम्हीही असेच राहिलो होतो, हे त्यांना माहीत नाही. ह्याच किनाऱ्यावर. आमच्या स्वतःच्या घरापासून इतक्या जवळ, की कॅराव्हॅनच्या खिडकीतून आमची बाल्कनी दिसायची.

त्या वर्षी मला आठवा महिना होता. आईचं चिपळूणहून यायचं तिकीट काढून झालं होतं. नितीनने पाळणा सुट्या भागांत विकत आणून एका दुपारी स्वतः जोडला, मग तो डुगडुगतो म्हणून सगळा सोडवून पुन्हा जोडला. एका सकाळी मला जाणवलं की कालपासून आत काही हललेलं नाही. पुढचं सगळं हॉस्पिटलात झालं. डॉक्टरीणबाई मल्याळी होत्या. माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या की असं कधी कधी होतं, ह्यात कुणाचं काही चुकलेलं नाही. मुलगी होती. मला दाखवली. केस भरपूर होते, ओले, कपाळाला चिकटलेले. तेवढंच मी पाहिलं, कारण मला औषधाची गुंगी होती आणि डोळे मिटत होते.

इतक्या लहान जिवाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी आपल्या लोकांसाठी दिलेली एक जागा आहे, तिथे नितीन तिला घेऊन गेला. सोबत त्याचे दोन मित्र होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या दिवशी मी उठून बसू शकत नव्हते. संध्याकाळी तो परत आला तेव्हा केस ओले होते आणि अंगात मित्राचा शर्ट होता. मी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." त्या जागेविषयी आमच्यात एवढंच बोलणं झालं आणि मग जवळजवळ सगळा हिवाळा काही नाही.

घरी आलो आणि दोघांनाही कळलं की इथे राहता येणार नाही. पाळण्याची खोली बंद केली तरी तिचं दार दिसायचं. माझं दूध उतरलं होतं. ते कुणाला सांगायचं असतं, त्यावर काय करायचं असतं, काही माहीत नव्हतं. मी बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहायचे. आई फोनवर म्हणायची, मी येते. मी म्हणायचे, नको. तिने डिंकाचे लाडू करून ठेवले होते, ते तिने कुणाला वाटले मी कधी विचारलं नाही.

नितीन एका गॅरेजमध्ये सुपरवायझर आहे. त्याचे अर्बाब, म्हणजे मालक, अबू खालिद, उंच आणि कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी कुणा फ्रेंच माणसाकडून एक जुनी कॅराव्हॅन विकत घेतली होती. थंडीत ती पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार होता. त्यांनी नितीनला बोलावून किल्ली टेबलावर ठेवली. मोडक्या हिंदीत त्यांनी एवढंच सांगितलं की गाडी उभी राहिली की टायर बसतात, बॅटरी मरते, कुणीतरी फिरवायला हवी. तू आणि तुझी बायको फिरवा, हिवाळा संपला की आणून दे. त्यांनी आमच्या दुःखाचा उल्लेख केला नाही. नितीनने घरी येऊन मला हे सांगितलं आणि मी उठून बॅग भरायला लागले.

आत शिरलं की डाव्या हाताला दोन शेगड्या आणि एवढंसं बेसिन, समोर बाक आणि दुमडणारं टेबल, मागे एक पलंग, ज्यावर एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावी लागे. पडद्यांना आधीच्या मालकिणीच्या अत्तराचा वास होता. पोळी लाटायला जागा नव्हती म्हणून मी भात लावायचे. नितीन सकाळी तिथूनच गॅरेजला जाई, संध्याकाळी तिथेच येई. दिवसभर मी दारात बसून समुद्र बघायचे. वर मान केली की आमची बाल्कनी दिसायची, कपड्यांची रिकामी दोरी वाऱ्यावर हलताना. खालून बघताना ते दुसऱ्याच कुणाचं तरी घर वाटायचं. तसं वाटलं की बरं वाटायचं.

शेजारी चार-पाच गाड्या होत्या, सगळ्या साठी-सत्तरीच्या जोडप्यांच्या. त्यांचा दिनक्रम ठरलेला. सकाळी पोहायचं, मग ब्रेड आणि कॉफी, मग नकाशा पसरून पुढे कुठे जायचं आणि तिथे काय खायचं ह्यावर चर्चा. निझव्याला बकऱ्यांचा बाजार बघायचाच, जबल शम्सला रात्री दोन ब्लँकेटं लागतात, सूरला मासे ताजे मिळतात. नितीन कामावरून आला की त्यांच्यात जाऊन बसे आणि एकेक ठिकाणाची माहिती विचारून घेई. इतकी वर्षं ओमानात राहून त्याला कधी फिरायची हौस नव्हती. सुट्टीच्या शुक्रवारी झोपणारा माणूस. आता गुरुवारी गॅरेजमधून आला की कॅराव्हॅनमध्ये पाणी भरायचा आणि म्हणायचा, "मेधा, उद्या तुला एक जागा दाखवतो."

पहिल्यांदा त्याने मला रुवीला नेलं, जेवायला. रुवी म्हणजे अर्धी मुंबई. बसेस, टॅक्सी, पैसे पाठवायच्या दुकानांपुढच्या रांगा, वरच्या मजल्यांवर वाळत घातलेल्या लुंग्या. एका गल्लीत रत्नागिरीच्या राजिवड्यातून आलेल्या एका कुटुंबाची छोटी खाणावळ होती, चारच टेबलं. मालक गल्ल्यावर, आणि आत स्वयंपाक त्यांच्या बायकोचा, रुखसानाभाभींचा. नितीन लग्नाआधी तिथेच जेवायचा. काय झालं ते त्यांना कळलेलं होतं. मालकांनी मान खाली घातली. मी नेहमीसारखी बांगड्याची आमटी आणि भात मागितला. आतून भाभी आल्या, ओल्या हातांनीच, आणि माझ्यासमोरचं मेन्यूचं कार्ड उचलून घेतलं.

"हिला बांगडा नको," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बाळंतीण हाय ती."

मग त्यांनी शेपूची भाजी, तुपात भिजलेली गरम भाकरी आणि आळीवाची खीर आणली. माझ्या बाजूला बाकावर बसल्या आणि मी जेवून होईपर्यंत उठल्या नाहीत. इतक्या दिवसांत सगळ्यांनी मला धीर दिला होता, आराम कर म्हटलं होतं, पुन्हा होईल म्हटलं होतं. पण मी बाळंतीण आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं. मूल नाही म्हणून मीही तो शब्द स्वतःला लावला नव्हता. मी चमचा वाटीतच फिरवत राहिले. भाभींनी पाठीवर हात ठेवला आणि कोकणी मराठीत हळूच सांगितलं की रडायचं असेल तर रड, पण वाटी संपव.

त्यानंतर दर आठवड्याला आम्ही कुठे ना कुठे गेलो. मत्राच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, जिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि जुन्या बाजारात लोबानचा धूर कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. निझव्याला पहाटे पोहोचून किल्ल्याखाली बकऱ्यांच्या बाजारात उभे राहिलो. विकणारे जनावरांना दोरीने धरून गोल गोल फिरवतात, लोक दोन्ही बाजूंना बसून हाका देतात. एका बाईने करडू छातीशी धरलं होतं आणि ते तिच्या ओढणीत तोंड खुपसत होतं. मी पाठ फिरवली. नितीनला ते कळलं असावं. त्याने मला ओढतच हलव्याच्या दुकानात नेलं. ताज्या हलव्याची केशर आणि वेलदोड्याची वाफ, कडू कहव्याचा छोटा पेला, खजूर. तो भराभर बोलत होता, हा हलवा किती तास घोटतात, ह्यात तूप किती. गाईडसारखा. मला वाटे, हा मला दाखवतोय आणि स्वतः काहीच बघत नाही.

मग एकदा पाऊस झाला. ह्या देशात पाऊस म्हणजे बातमी. डोंगरातून वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीला, पूर आला, रस्ते बंद झाले, शाळांना सुट्टी मिळाली. आमच्या पत्र्याच्या छपरावर दिवसभर थेंब वाजत होते आणि शेजारचे युरोपियन पाऊस काय नवीन आहे म्हणून आत पत्ते खेळत बसले. पाऊस थांबल्यावर नितीनचं फिरवणं आणखी वाढलं. आधी आठवड्यातून एकदा जायचो, आता सुट्टीचा एकही दिवस तो किनाऱ्यावर बसू देईना. बहल्याचा मातीचा किल्ला, वादी बनी खालिदचं हिरवं पाणी, वाळवंटात एका रात्रीचा मुक्काम. मी थकत होते. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवत नव्हतं. तो बारीक झाला होता. झोपेत दात खायचा.

जबल शम्सला वर कड्यावर गाडी लावली तेव्हा आमच्या शेजारची हेल्गा आणि तिचा नवरा वॉल्टर आधीच येऊन पोहोचले होते. हेल्गा जर्मन, पांढऱ्या केसांची, आवाज जाड, शाळेत भूगोल शिकवायची. समोर तो प्रचंड दरीचा कडा आणि वारा असा की बोललेलं उडून जावं. संध्याकाळी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. बटाटे भाजले होते, सोबत रखाल, म्हणजे इथली ती कागदासारखी पातळ भाकरी, आणि खालच्या गावातून आणलेला मध. हेल्गा तिच्या नातवंडांचे फोटो दाखवत होती. मग तिने सहज विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का.

आम्ही दोघं एकाच वेळी बोललो. नितीन म्हणाला, "नाही." मी म्हणाले, "एक मुलगी."

वॉल्टरने शेगडीतला बटाटा उगाच उलटा केला. हेल्गा माझ्याकडे बघत होती. तिला समजायला वेळ लागला नाही. तिने विचारलं, "तिचं नाव काय?"

मी तिला सांगितलं की आमच्याकडे बाराव्या दिवशी नाव ठेवतात. तिला बारावा दिवस मिळाला नाही, म्हणून नाव नाही. हे इंग्रजीत सांगताना वाक्य साधं आणि लहान झालं, आणि लहान झाल्यामुळे ते मला पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आलं. नितीन उठून कड्याच्या कठड्याकडे चालत गेला. हेल्गाने मला जवळ घेतलं नाही की काही सांत्वन केलं नाही. तिने तिच्या पायांवरची घोंगडी अर्धी माझ्या पायांवर ओढली आणि आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.

त्या रात्री पलंगावर शेजारी पडल्यावर मला रागही आला होता. "नाही" किती पटकन म्हणाला हा. मला वाटलं, त्याने तिला तिथे नेलं, ठेवलं, आणि संपवलं. त्याच्यासाठी ते झालेलं आहे. माझ्यासाठी अजून व्हायचं आहे, कारण मी ती जागा पाहिलेली नाही. कुठल्या झाडाखाली, कुठल्या दगडापाशी, डोंगर तिच्या कोणत्या बाजूला आहे, तिथून काय दिसतं, मला काहीच माहीत नव्हतं. अख्खा ओमान मी पाहून घेतला होता.

फेब्रुवारीत, वारा उबदार व्हायला लागला तेव्हा, आम्ही रास अल जिन्झला गेलो, कासवं बघायला. थंडीत कासवं कमी येतात, पण येतात. पहाटे, उजाडायच्या आधी, वाटाड्या आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेला. एक भलीमोठी मादी अंडी घालून झाल्यावर पाठीमागच्या पायांनी वाळू लोटत होती. तिचा श्वास ऐकू येत होता, दमलेल्या बाईसारखा. वाटाड्याने हळू आवाजात सांगितलं की ती नुसता खड्डा बुजवत नाही. आजूबाजूलाही बरीच वाळू उडवून ठेवते, म्हणजे अंडी नेमकी कुठे आहेत हे कुणालाही ओळखता येऊ नये. मग ती वळली आणि पाण्याकडे निघाली. मध्ये मध्ये थांबत, पण मागे न बघता. उजाडत होतं. लाटेने तिला उचललं आणि ती दिसेनाशी झाली.

बाकीचे लोक फोटो बघत परत फिरले. आम्ही मागे राहिलो. नितीन म्हणाला, "पुढच्या आठवड्यात सलालाच्या रस्त्याला जाऊन येऊ. लांब आहे, पण रजा मिळेल."

मी म्हणाले, "मला आता काही बघायचं नाही. मला तिची जागा दाखव."

तो वळून चालायला लागला. मी पुन्हा म्हणाले. माझा आवाज चढला नाही. मला वाटतं तो चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. तो वाळूत खाली बसला आणि बुटांत गेलेली वाळू काढायला लागला. दोन्ही बूट झटकून झाले तरी पुन्हा झटकत राहिला. शेवटी म्हणाला, "शुक्रवारी जाऊ."

त्या शुक्रवारी सकाळी आम्ही शहरातून बाहेर पडलो. कॅराव्हॅन रस्त्यालाच ठेवावी लागली, पुढची वाट अरुंद होती. मी साडी नेसले होते. का, ते सांगता येणार नाही. हातात रुवीतून आणलेली शेवंतीची फुलं होती. फाटकातून आत गेलं की एका बाजूला अग्नी द्यायची जागा, तिच्यामागे डोंगराच्या अंगाला लागून उघडी, उतरती जमीन. दगड आणि खडी. दोन-तीन काटेरी झुडपं. दुसरं काही नाही. मागचा डोंगर इतका उघडा आणि तपकिरी होता की त्याच्याकडे बघून घशाला कोरड पडावी.

नितीन पुढे चालू लागला. काही पावलं गेला आणि थांबला. डावीकडे वळला, खाली वाकला, एक दगड उचलून बघितला, ठेवला. मग उजवीकडे गेला. मला वाटलं आठवतोय. मग तो परत मागे आला, पुन्हा फाटकापासून चालायला सुरुवात केली, आणि पुन्हा तिथेच थांबला.

"इथे असेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही. त्या झुडपाच्या अलीकडे." मग तो झुडपापाशी गुडघ्यांवर बसला आणि हातांनी खडी बाजूला करायला लागला.

मी त्याच्याजवळ गेले. तो माझ्याकडे न बघता बोलत होता. त्याने तीन दगड ठेवले होते, एकावर एक. त्या दिवशी त्याने नीट बघून ठेवलं होतं, फाटकाकडे तोंड करून, डोंगराची घडी लक्षात ठेवून. मग तो पाऊस झाला. पाऊस थांबल्यावर तो एकटा इथे आला होता, गॅरेजला जातो सांगून. डोंगरावरून आलेल्या पाण्याने सगळी जमीन धुवून सारखी केली होती. दगड गेले होते. तो दुपारपर्यंत शोधत होता. "मी तुला काय दाखवणार होतो," तो म्हणाला. "म्हणून मी सगळं दुसरं दाखवलं."

आणि मग तो रडला. हॉस्पिटलात तो रडला नव्हता, पाळण्याची खोली बंद करताना नाही, जबल शम्सला नाही. मी त्याला आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. खडीवर हात टेकून, कपाळ जवळजवळ जमिनीला लागेल असा वाकून तो रडत होता आणि मधे मधे म्हणत होता, "माझ्या हातून हरवली मेधा. मी तिला ठेवली आणि मी हरवली."

मी उभी होते. सगळीकडे सारखीच खडी, सारखं ऊन. मला काहीच जाणवत नव्हतं. मी कल्पना केली होती की इथे आल्यावर पाय आपोआप थांबतील, छातीत काही हलेल. काही हललं नाही. जमीन मला काहीही सांगत नव्हती. फक्त माझा नवरा त्या जमिनीत हातांनी उकरत होता आणि त्याची बोटं सोलवटली होती.

मी थोडी पुढे गेले. जिथे जमीन किंचित उंच होती आणि जिथून लांबवर शहराची पांढरी घरं दिसत होती, तिथे मी बसले. फुलं खाली ठेवली.

"इथे आहे," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. "तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे."

"नक्की?"

"आईला कळतं," मी म्हणाले.

तो उठून माझ्याजवळ आला. माझ्या चेहऱ्याकडे त्याने इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता तो ओळखेल. मग तो शेजारी बसला आणि त्याने तळहात त्या खडीवर सपाट ठेवला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. जाताना त्याने मोठे, जड दगड आणले, एकट्याला जेमतेम उचलवतील असे, आणि ते अर्धे जमिनीत पुरून रचले.

पुढच्या महिन्यात त्याने कॅराव्हॅन धुऊन, पुसून अबू खालिदना परत दिली. त्यांनी टायर दाबून पाहिले आणि मान डोलावली. आम्ही वर आमच्या घरात राहायला गेलो. पाळणा नितीननेच सोडवला. गॅरेजमधल्या एका ड्रायव्हरच्या बायकोला दिवस गेले होते, तिला देऊन टाकला. हेल्गा आणि वॉल्टर पुढची दोन वर्षं आले, मग आले नाहीत. रुखसानाभाभी रत्नागिरीला परत गेल्या. बाळंतपणासाठी सोडलेली शाळेतली शिकवण्याची नोकरी मी पुन्हा धरली. नंतर आम्ही पुष्कळ वाट पाहिली, उपचार केले, आणि एका वर्षी दोघांनी न ठरवता वाट पाहणं सोडून दिलं. लोक विचारतात तेव्हा नितीन अजून "नाही" म्हणतो. मी गप्प राहते. जबल शम्सनंतर मी पुन्हा कधी कुणासमोर "एक मुलगी" असं म्हटलेलं नाही.

मी खरं सांगायला हवं होतं का, असा विचार कधी कधी येतो. ती जागा तिची नाही. असली तर तो योगायोग. ती त्या उतारावर कुठेतरी आहे, कदाचित खाली, पाणी वाहून जातं त्या बाजूला. मी तिच्याजवळून चालत जात असेन, कुणास ठाऊक तिच्यावरूनही. हा विचार आला की मी घरातलं काहीतरी काम काढते.

आज संध्याकाळी नितीन आणि मी खाली उतरलो तेव्हा ते टोमॅटो चिरणारे गृहस्थ आणि त्यांची बायको खुर्च्या टाकून बसले होते. डच आहेत. ओमानला पहिल्यांदाच आले आहेत. त्यांनी विचारलं, इथे काय काय बघावं, कुठे जेवावं. नितीन उकिडवा बसला आणि वाळूत बोटाने रस्ते काढून सांगू लागला. निझव्याला शुक्रवारी पहाटेच पोहोचा. हलवा गरम असेल तेव्हाच घ्या. मासे खायचे तर रुवीत, मिश्काक सीबला, रस्त्यावर, गर्दी जिथे जास्त तिथे. जबल शम्सला वारा फार, गाडीचं तोंड कड्याकडे नको. तो छान सांगतो. त्याचे डोळे चमकतात. ते दोघं त्याचे आभार मानत राहिले, आणि बाईंनी शेवटी विचारलं, शहराजवळ अजून काही बघण्यासारखं राहिलं आहे का. नितीन म्हणाला की नाही, एवढंच.

उद्या शुक्रवार. सकाळी आम्ही नेहमीसारखे तिच्याकडे जाऊ. मी फुलं आणून फ्रिजमध्ये ठेवली आहेत. फाटकापाशी गाडी लावली की नितीन माझ्यासाठी थांबत नाही. इकडे न बघता, तिकडे न बघता, त्या सारख्या दिसणाऱ्या दगडांमधून तो सरळ त्या जागी चालत जातो, आणि मी त्याच्या मागून.